ललितेतर लेखनाचा व्यवसाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला येणाऱ्या बऱ्याच मेलमध्ये हेच प्रश्न असतात. दर वेळी नव्यानं उत्तर द्यायला बसलं की आधीच्या उत्तराशी न जुळणारं काहीतरी लिहून जातं, म्हणून सगळं एकदाच इथं मांडते आहे. उत्तरं माझ्या कामाच्या पद्धतीवरून आली आहेत, दुसरा लेखक त्यातल्या काहींवर नाक मुरडेल. कायद्याचा विषय जिथं आला आहे तिथं देशागणिक नियम बदलतात, म्हणून सही करण्याआधी जाणकाराला कागद दाखवा.

१. ललितेतर लेखक म्हणजे नक्की कोण? पत्रकार की प्राध्यापक?

दोघांपैकी कुणीही असेल, किंवा दोन्हीही नसेल. चरित्र, इतिहास, विज्ञान, प्रवास, अर्थकारण, आठवणी, एखादी गोष्ट करायला शिकवणारी पुस्तकं हे सगळं ललितेतरात येतं. यात लेखक वाचकाला न बोलता एक शब्द देतो: हे मी रचलेलं नाही. व्यावसायिक म्हणजे हे काम पैसे घेऊन, ठरल्या मुदतीत आणि संपादकाच्या दुरुस्त्या सोसून करणारा माणूस. पहिल्या दोन अटी सगळ्यांना पटतात, तिसरीवर गाडी अडते.

‘खरं साहित्य कधी लिहिणार?’ असं विचारणारे नातेवाईक सगळ्यांनाच असतात. साहित्याचं दुसरंच नोबेल, १९०२ सालचं, रोमचा इतिहास लिहिणाऱ्या थिओडोर मोमसेन यांना मिळालं होतं. पुढं १९५० मध्ये बर्ट्रांड रसेल, १९५३ मध्ये विन्स्टन चर्चिल आणि २०१५ मध्ये स्वेतलाना अलेक्सिएविच यांना ते मिळालं. यातलं कुणीही कादंबऱ्यांसाठी ओळखलं जात नाही. ही नावं पाठ करून ठेवा, उपयोगी पडतात.

२. त्या विषयातली पदवी लागते का?

नाही. पण छापण्यापूर्वी मजकूर वाचून देणारा, त्या विषयात मुरलेला एक माणूस लागतो. त्याच्याकडून कौतुक मागू नका, चुका मागा.

३. रोज किती तास बसता आणि किती शब्द होतात?

सकाळी तीन तास लिखाण. दुपारी वाचन, फोन, मुलाखती कागदावर उतरवणं आणि थकलेल्या मानधनाची आठवण करून देणं. संध्याकाळी काही नाही, कारण थकल्या डोळ्यांनी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी खोडावंच लागतं.

शब्दांचा हिशेब फसवा आहे. रोज ४००, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे तीस आठवड्यांत ६०,००० शब्द. मध्यम आकाराचं पुस्तक तयार! कागदावर हे बरोबरच आहे. पण हे फक्त पहिल्या खर्ड्याचे दिवस झाले. माझ्या बाबतीत त्याआधीचं वाचन आणि विचारपूस यांना साधारण दुप्पट वेळ लागतो. फेरलेखन, तपासणी, मुद्रितं, सूची हे सगळं पुढं असतंच. कुणी लेखनाच्या व्यवसायाचं स्वप्न सांगायला लागलं की मी आधी विचारते, ‘तुम्हाला शोधत बसायला आवडतं का?’ कारण दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो.

नोंद मात्र ठेवा. अमेरिकन चरित्रकार रॉबर्ट कॅरो रोज किती शब्द झाले ते कॅलेंडरवर लिहितात आणि कुणी भेटायला येणार नसलं तरी कोट-टाय घालून लिहायच्या खोलीत जातात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या त्यांनी लिहिलेल्या चरित्राचा पहिला खंड १९८२ मध्ये आला आणि चौथा २०१२ मध्ये. तीस वर्षं चालणाऱ्या कामाला उमेद पुरत नाही, वही पुरते. माझ्या वहीत शब्दांशेजारी न लिहिण्याची कारणंही असतात. महिनाअखेरीस ती वाचली की कोणतं कारण खरं होतं ते लगेच कळतं.

४. लिखाण अडलं तर काय करता? मूडची वाट पाहता?

ललितेतरात लिखाण अडतं ते बहुधा माहिती कमी पडल्यामुळं. वाक्य जुळत नाही असं वाटतं, पण खरं तर त्या जागी काय घडलं हे आपल्यालाच नीट ठाऊक नसतं आणि भाषेनं ते झाकायचा प्रयत्न चाललेला असतो. अशा वेळी टेबलावरून उठून कागदपत्रांकडं जावं. माहिती पुरेशी असूनही अडत असेल तर तो परिच्छेद चुकीच्या ठिकाणी आहे का ते बघा. तेही नसेल तर झोप कमी झालेली असते.

५. टिपणं कशी ठेवता? वही, कार्डं की अ‍ॅप?

साधन कोणतंही चालेल. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांनी हातानं लिहिलेल्या सुमारे ९०,००० चिठ्ठ्या क्रमांक देऊन लाकडी खणांत लावल्या होत्या आणि त्यांच्या आधारावर पन्नासाहून जास्त पुस्तकं लिहिली. ते वाचून मीही एकदा कार्डांचा गठ्ठा आणला होता. तीन आठवडे टिकला.

साधनापेक्षा शिस्त महत्त्वाची, आणि ती एकाच गोष्टीत आहे. टिपणात तीन प्रकारचा मजकूर येतो: दुसऱ्याचे जसेच्या तसे शब्द, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत, आणि आपलं स्वतःचं मत. हे तीन दिसताक्षणी वेगळे ओळखता आले पाहिजेत. मी पहिल्याला अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक घालते, दुसऱ्याला फक्त पान क्रमांक आणि तिसऱ्याच्या आधी ‘मी:’ असं लिहिते. सुरुवातीला हे पाळत नव्हते. मग एका खर्ड्यात एक फार सुरेख वाक्य सापडलं, इतकं सुरेख की ते माझं असेल असं मलाच वाटेना. दोन दिवस शोधल्यावर ते चार महिन्यांपूर्वी वाचलेल्या एका लेखात मिळालं. उचलेगिरीच्या सगळ्याच प्रकरणांत चोर नसतो, काही वेळा नुसता गबाळेपणा असतो. पण वाचकाला तो फरक दिसत नाही, आणि दिसावा अशी अपेक्षाही करू नये.

दुसरी सवय चार्ल्स डार्विन यांची. आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी वस्तुस्थिती किंवा विचार समोर आला की ते तो तिथल्या तिथं लिहून ठेवत. सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात, असा त्यांचा अनुभव होता. आत्मचरित्रात त्यांनी याला आपला सुवर्णनियम म्हटलं आहे. माझ्याकडं प्रत्येक पुस्तकासाठी ‘विरुद्ध’ नावाची वेगळी फाइल असते. ती रिकामी राहिली तर माझं वाचन एकांगी झालं असं मी समजते.

६. संशोधन कधी थांबवायचं?

नव्या पुस्तकाची संदर्भसूची उघडल्यावर त्यातली बहुतेक नावं ओळखीची वाटू लागली की लिहायला घ्या. पूर्ण समाधान होण्याची वाट पाहू नका, ते होत नाही, आणि आणखी थोडं वाचून घेऊ या म्हणणं ही टाळाटाळीची सगळ्यांत प्रतिष्ठित जात आहे. लिहिताना जिथं माहिती नसेल तिथं ठळक खूण करून पुढं जा. खर्डा संपल्यावर त्या खुणा हीच उरलेल्या संशोधनाची यादी.

७. मुलाखत कशी घ्यायची?

रेकॉर्ड करायची परवानगी आधी मागा आणि ती परवानगीही रेकॉर्डवर घ्या. तयारी करून जा, पण तयारी दाखवू नका. समोरचा बोलायचा थांबला की लगेच पुढचा प्रश्न फेकू नका, त्या शांततेनंतर बऱ्याचदा कामाचं वाक्य येतं.

मला सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न अगदी साधा आहे: ‘तुम्ही तेव्हा तिथं होतात, की हे नंतर कुणी सांगितलं?’ माणसं खोटं बोलत नसतात, पण शंभरदा ऐकलेली गोष्ट त्यांना स्वतः पाहिलेली वाटू लागते. पाठोपाठ विचारायचं, ‘त्या वेळचं पत्र, डायरी, फोटो काही आहे?’

वेळेचा अंदाज चुकवू नका. मिनिटाला सुमारे १५० शब्दांचा वेग धरला तर तासाभराची मुलाखत ९,००० शब्दांची होते. ऐकून ऐकून हातानं उतरवायला चार तास सहज जातात. यंत्राकडून उतरवून घेतली तरी नावं, आकडे आणि ‘नाही’ हा शब्द स्वतः ऐकून तपासा. एक ‘नाही’ गळला की माणूस उलटंच बोलल्यासारखं छापलं जातं.

८. मुलाखत देणारा म्हणतो, छापण्याआधी मला वाचायला द्या. द्यावं का?

पूर्ण मजकूर देऊ नये. त्यांच्या तोंडचे शब्द आणि त्यांच्याविषयीचे तपशील (तारखा, पदं, नात्यांची नावं) वाचून दाखवायला हरकत नाही, ती तपासणीच झाली. पण हे मुलाखतीआधी ठरवा, नंतर नाही. ‘मी असं बोललोच नव्हतो’ याला उत्तर रेकॉर्डिंग आहे. ‘बोललो, पण आता तसं नको’ याला उत्तर प्रत्येक वेळी वेगळं असतं. मंत्र्याला मी नकार देईन. मूल गमावलेल्या आईनं एक वाक्य काढायला सांगितलं तर निमूट काढीन.

किचकट शास्त्रीय मजकूर हा अपवाद. तिथं संबंधित भाग त्या तज्ज्ञाकडून वाचून घेण्यात लेखकाचंच भलं असतं (प्रश्न २ पाहा).

९. यावर घर चालतं का?

नुसत्या पुस्तकांवर क्वचित. बहुतेक व्यावसायिक लेखकांची मिळकत अनेक ठिकाणांहून येते: लेख, पुस्तकं, भाषांतरं, संपादन, शिकवणं, व्याख्यानं, दुसऱ्याच्या नावानं लिहिणं (प्रश्न १५). काही देशांत ग्रंथालयांतून पुस्तकं वाचली जाण्याबद्दल लेखकांना सरकारकडून मोबदला मिळतो. ही पद्धत पहिल्यांदा १९४६ मध्ये डेन्मार्कनं सुरू केली. रक्कम फार नसते, पण ती वाचकांमुळं येते याचं सुख वेगळं.

प्रत्येक कामाचा ताशी दर काढा. मानधनाला फक्त लिहिण्याच्या तासांनी भागू नका. वाचन, प्रवास, फोन, दुरुस्त्या आणि पैसे मागण्यात गेलेला वेळही त्यात धरा. हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा मला कळलं की सर्वांत प्रतिष्ठेचं वाटणारं काम मी जवळजवळ फुकट करत होते, आणि ज्याला मी किरकोळ समजत होते त्यानं घर चाललं होतं. प्रतिष्ठेचं काम मी सोडलं नाही. पण वर्षाला एकच घेते.

१०. अ‍ॅडव्हान्स आणि रॉयल्टी यांत फरक काय?

अ‍ॅडव्हान्स म्हणजे पुढं मिळणाऱ्या रॉयल्टीतली उचल. विक्रीतून तेवढी रॉयल्टी जमा होईपर्यंत नवीन पैसे येत नाहीत. वेळेत आणि करारानुसार पुस्तक दिलं असेल तर उरलेली उचल सहसा परत मागितली जात नाही, मात्र तसं करारात लिहिलेलं असावं.

टक्केवारी ऐकून हुरळू नका, ती कशाची हे विचारा. पुस्तकाची छापील किंमत १०० धरू. प्रकाशक ते विक्रेत्याला ५० टक्के सवलतीनं देतो. छापील किमतीवर १० टक्के रॉयल्टी म्हणजे प्रतीमागं १०, तर प्रकाशकाच्या हाती पडलेल्या रकमेवर १० टक्के म्हणजे ५. आकडा तोच, पैसे निम्मे. शिवाय विक्रेत्यांकडून परत येणाऱ्या प्रतींसाठी काही रक्कम राखून ठेवली जाते. ती किती आणि किती काळ, हेही विचारावं.

११. करारात आणखी काय बघू?

भाषांतर, ध्वनिपुस्तक, चित्रपट असे हक्क एकेक करून बघा. प्रकाशक जे वापरणारच नाही ते त्याला देऊ नका. पुस्तक ‘उपलब्ध नाही’ कधी मानायचं याची व्याख्या नीट वाचा, कारण मागणीनुसार एकेक प्रत छापण्याच्या तंत्रामुळं पुस्तक कागदोपत्री कायम उपलब्ध राहू शकतं आणि हक्क तुमच्याकडं परत येतच नाहीत. वर्षाला अमुक प्रतींपेक्षा कमी खप झाला तर हक्क परत, असा आकडा घालून घ्या. नुकसानभरपाईचं कलम तर दोनदा वाचा. खटला झाला तर खर्च कुणाचा, हे तिथं लपलेलं असतं.

१२. आधी पूर्ण पुस्तक लिहू की प्रस्ताव पाठवू?

माहितीपर पुस्तकासाठी प्रस्ताव: विषय काय, आत्ताच का, तुम्हीच का, प्रकरणांचा आराखडा, आधीची पुस्तकं काय सांगत नाहीत, आणि एक पूर्ण लिहिलेलं नमुना प्रकरण. ‘या विषयावर एकही पुस्तक नाही’ असं लिहू नका. ते बहुधा खोटं असतं आणि खरं असेल तर संपादकाला धडकी भरते. आठवणींचं पुस्तक मात्र बऱ्याचदा पूर्ण लिहूनच दाखवावं लागतं, कारण तिथं सगळी भिस्त लेखकाच्या आवाजावर, म्हणजे सांगण्याच्या ढंगावर असते.

१३. प्रस्तावातली कल्पना कुणी चोरली तर?

कल्पनेला कॉपीराइट नसतो, मांडणीला असतो. बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स करारातही हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही सहा वर्षं खपून शोधलेली वस्तुस्थितीसुद्धा छापल्यानंतर सगळ्यांची होते, फक्त तुमची वाक्यं तुमची राहतात. हे अन्यायाचं वाटतं, पण याच नियमामुळं आपल्यालाही इतरांनी शोधलेलं वापरता येतं. त्याच विषयावर दुसरं पुस्तक आधी आलं तर दोन दिवस शोक करून ते वाचून काढा. बहुधा ते तुमचं पुस्तक नसतं.

१४. आठवणी लिहितेय. तीस वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः कसे आठवणार?

आठवणार नाहीत, आणि आठवतात असं भासवूही नये. सार आठवत असेल तर ते कथनातून सांगा. एखादं वाक्य खरंच मनात कोरलं गेलं असेल तेवढंच अवतरणात घाला. नावं बदलली असतील किंवा घटनांचा क्रम हलवला असेल तर सुरुवातीलाच सांगून टाका. दोन माणसांचं एक पात्र करण्याच्या मी विरोधात आहे, सांगून केलं तरीही. त्यानंतर वाचकाला कोणतंच पात्र पूर्ण खरं वाटत नाही.

घरच्यांना कधी दाखवायचं? खर्डा पूर्ण झाल्यावर, छपाईच्या आधी. अर्ध्यात दाखवलं तर पुस्तक त्यांचं होतं. छापून झाल्यावर दाखवलं तर सणावाराला बोलावणं येत नाही.

१५. दुसऱ्याच्या नावानं पुस्तक लिहिणं ही फसवणूक नाही का?

मी ती सेवा समजते, आणि तिचे पैसे चांगले मिळतात. माणसाकडं सांगण्यासारखं आयुष्य असतं, लिहिण्याची हातोटी नसते. पण पैसे तीन टप्प्यांत घ्या: सही करताना, पहिल्या खर्ड्याला आणि अंतिम प्रतीला. तपशिलांच्या खरेपणाची जबाबदारी कुणाची तेही लिहून घ्या. एका गृहस्थांनी सांगितलेला पराक्रम मी सहज तारीख लावून पाहिला, तर त्या दिवशी ते दुसऱ्या देशात होते. प्रकरण गाळलं. गृहस्थ अजून रागावलेले आहेत. विद्यार्थ्यांचे प्रबंध लिहून देणं मात्र सरळ फसवणूक आहे. विचारूही नका.

१६. एआय वापरता का?

मुलाखतींचा पहिला उतारा काढायला आणि शब्द अडला तर पर्याय बघायला. वस्तुस्थितीसाठी नाही. ही साधनं अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचे संदर्भ पान क्रमांकासकट देतात, आणि ते इतके ऐटीत की शंकाही येत नाही. ज्यांनी विश्वासानं काही सांगितलं आहे त्यांचं रेकॉर्डिंग बाहेरच्या सेवेवर चढवण्याआधी त्यांना विचारा. तुम्ही दिलेलं गुप्ततेचं वचन त्या कंपनीनं दिलेलं नसतं.

१७. छापल्यावर चूक सापडली तर?

सापडतेच. प्रत्येक पुस्तकाची एक प्रत मी टेबलावर ठेवते आणि कळलेली प्रत्येक चूक त्यात तांबड्या शाईनं करते, पुनर्मुद्रणाच्या वेळी तीच प्रत प्रकाशकाकडं जाते. कुणाची बदनामी होत असेल किंवा वाचकाला इजा होऊ शकत असेल (औषधाचं प्रमाण, विजेची जोडणी) तर त्याच दिवशी प्रकाशकाला कळवा. चूक दाखवणाऱ्या वाचकाचे आभार माना, त्याचा सूर कसाही असो. माझ्या एका पुस्तकातल्या सनाची चूक एका निवृत्त शिक्षकांनी चार पानी पत्र लिहून दाखवली होती. त्यातली साडेतीन पानं माझ्या पिढीवर होती. सनाबद्दल ते बरोबर होते.

१८. आजोबांना आलेली एका प्रसिद्ध व्यक्तीची पत्रं घरात आहेत. छापू शकते का?

कागद तुमचे, शब्द तुमचे नाहीत. पत्रातल्या मजकुराचा कॉपीराइट सामान्यतः लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांचा असतो. १८८६ च्या बर्न करारानुसार हे संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतं, अनेक देशांत त्याहून जास्त. वारस शोधून लेखी परवानगी घ्या. नाही मिळाली तर पत्रात काय आहे ते तुमच्या शब्दांत सांगता येतं, कारण वस्तुस्थितीवर मालकी नसते (प्रश्न १३).

१९. पैसे सोडून यात काय मिळतं?

अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून ‘तुम्ही हे कसं करता?’ असं विचारायचा परवाना. एरवी असं विचारणं आगाऊपणा ठरतो. ‘पुस्तक लिहितेय’ म्हटलं की माणसं खुर्ची पुढं करतात आणि ज्या कामावर आयुष्य घातलं त्याबद्दल तासन्‌तास बोलतात, कारण आजवर त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. या व्यवसायात मला पन्नाशीतही दर दोन वर्षांनी एका विषयात पहिलीत बसता येतं. कधीतरी तीन वेगवेगळ्या पेट्यांतले तीन कागद एकाच दिवसाबद्दल बोलतायत हे लक्षात येतं. तेव्हा त्या वाचनालयात ओरडावंसं वाटतं आणि ओरडता येत नाही.

२०. माझं हस्तलिखित पाठवू का? दहाच मिनिटं लागतील.

नको. दहा मिनिटांत वाचलं तर तुमच्यावर अन्याय होईल आणि नीट वाचलं तर माझे दोन आठवडे जातील. दोन प्रती काढा. एक विषय जाणणाऱ्याला द्या, दुसरी अजिबात न जाणणाऱ्याला. या दुसऱ्याकडं अभिप्राय मागू नका, तो प्रेमापोटी खोटं बोलेल. वाचता वाचता जिथं फोन हातात घ्यावासा वाटला त्या प्रत्येक ठिकाणी समासात फुली मारायला सांगा.